रवाळ रंगाचे कोडे

तूप रवाळ झाले की सुगरणीचे कौतुक होते. रंग रवाळ झाला तर मात्र रंगवणाऱ्याला बोल लागतो. हात बसलेला नाही, हात जड आहे, घाई केली, अशी कारणे पटकन तोंडावर येतात. आमच्याही तोंडावर आली होती. ती कशी खोटी ठरली आणि खरे कारण शोधताना थेंब, ऊन, वारा आणि प्रकाश यांच्याबद्दल काय काय हाती लागले, ते या लेखात सांगायचे आहे.

पुण्यातील एका शाळेच्या विज्ञान मंडळात आम्ही अधूनमधून जातो. २०२३ च्या उन्हाळी सुट्टीत तिथल्या सहा मुलामुलींनी विमानांच्या छोट्या प्रतिकृती जोडायच्या ठरवल्या. जूनमध्ये शाळा उघडली की त्यांचे प्रदर्शन भरायचे होते. त्यातले एक विमान होते नॅट, १९६५ च्या युद्धात भारतीय हवाई दलाने वापरलेले चिमुकले लढाऊ विमान. खरे नॅट सुमारे पावणेनऊ मीटर लांब. १:७२ या प्रमाणात त्याची प्रतिकृती जेमतेम बारा सेंटीमीटर भरते. ७२ हा आकडा चमत्कारिक वाटतो, पण त्यामागे फूट-इंचांचा साधा हिशेब आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणजे सहा फुटी माणूस या छोट्या जगात एक इंचाचा होतो.

हे नॅट आठवीतल्या एका मुलीने जोडले होते. पॉलिस्टायरिन प्लास्टिकचे सुटे भाग चिकटवणे, सांध्यांत लांबी भरणे, ती घासून सपाट करणे, यात तिचे तीन आठवडे गेले. मग आला रंग. विमान चांदीच्या रंगाचे करायचे होते आणि त्याआधी करड्या प्रायमरचा एक हात द्यायचा होता. रंगकामासाठी आमच्याकडे एक एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर होता. मुलीने प्रायमर मारला. तासाभराने पाहतो तर पंखांवर पॉलिशपेपरसारखा खरखरीत थर. आधीच्या आठवड्यात दोन मुलांनी आपापली विमाने त्याच प्रायमरने रंगवली होती आणि ती गुळगुळीत झाली होती. आम्ही सहज बोलून गेलो, "हात अजून बसलेला नाही. सरावाने जमेल."

मुलगी म्हणाली, "सर, माझी चित्रकलाही अशीच आहे." दुसऱ्या दिवशी तिने एअरब्रशला हात लावला नाही. विमानांच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या गटात जाऊन बसली.

तिच्या विज्ञानाच्या बाईंना हे खटकले. त्या म्हणाल्या, "मुलांनी सकाळी रंगवले होते, हिने भर दुपारी. याचा काही संबंध नसेल का? सर, तुम्ही तर थेंबांवरच काम करता ना?" आम्ही ओशाळलो. हवेत तरंगणाऱ्या थेंबांचे बाष्पीभवन हा आमच्या प्रयोगशाळेचा रोजचा विषय. तरी समोरचा खरखरीत थर पाहून आम्ही थेंबाकडे न बघता मुलीच्या हाताकडे बघितले होते.

खडबडीत म्हणजे किती खडबडीत?

भिंगाखाली ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून पाहिले, तेव्हा पंखावरचे दाणे साधारण ०.०५ मिलिमीटरचे दिसले. म्हणजे ५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). घराच्या भिंतीवर एवढा दाणा कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण प्रतिकृती १:७२ ची आहे. या दाण्याला ७२ ने गुणले तर ३.६ मिलिमीटर येतात. खऱ्या विमानाच्या पंखावर कुणी साबुदाणा चिकटवून ठेवावा, तसे हे झाले! प्रतिकृतीत सगळेच लहान होते, दोष मात्र लहान होत नाही.

डोळ्याला तर याहून पुष्कळ लहान उंचसखलपणाही कळतो. पृष्ठभागावरचे उंचवटे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण आठव्या भागाहून लहान असतील, तर समोरून पडलेला प्रकाश एकाच दिशेने परत फिरतो आणि पृष्ठभाग चकचकीत दिसतो. हा ढोबळ नियम लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जातो. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी अर्धा मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे ही मर्यादा मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही कमी झाली. त्याहून मोठे उंचवटे प्रकाश चहूकडे विखुरतात आणि पृष्ठभाग मंद, पांढुरका दिसतो. चांदीचा रंग अशा थराला झाकत नाही, उलट प्रत्येक दाणा उठून दाखवतो. म्हणून प्रायमर नीट बसणे आवश्यक होते.

संशयित पाच

रवाळ थराची कारणे अनेक असू शकतात. आम्ही मुलांना घेऊन बसलो आणि फळ्यावर यादी केली. प्रत्येक कारणापुढे एकच प्रश्न लिहिला: हे खरे असेल तर आपल्याला काय दिसायला हवे?

पहिला संशयित, रंगातल्या गुठळ्या. रंग म्हणजे तीन गोष्टींचे मिश्रण: रंग देणारी बारीक पूड म्हणजे रंगद्रव्य, ती पूड पृष्ठभागाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ म्हणजे बंधक आणि हे सगळे पातळ ठेवणारा द्रावक. बाटली बरेच दिवस ठेवली की पूड तळाशी बसते, झाकणाशी वाळलेली साय जमते. बाटली नीट ढवळली नाही तर त्या गुठळ्या फवाऱ्यातून बाहेर येतात. रंग जुन्या नायलॉनच्या पायमोज्यातून गाळला की हा दोष जातो. पण गुठळ्या असत्या तर दाणे सगळ्या विमानावर सारखेच पडले असते.

दुसरा संशयित, चुकीचा थिनर. पाण्याच्या ॲक्रिलिक रंगात बंधकाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून रंगात साबणासारखी द्रव्ये घातलेली असतात. काही ॲक्रिलिक रंगांत स्पिरिटसारखा अल्कोहोलयुक्त थिनर घातला की ही व्यवस्था मोडते आणि लिंबू पिळलेल्या दुधासारखा रंग फाटतो. यासाठी थेंबभर रंग आणि थिनर काचेवर मिसळून पाहावे. आमचे मिश्रण काचेवर एकजीव राहिले.

तिसरा संशयित, धूळ. पॉलिस्टायरिन कोरड्या फडक्याने पुसले की त्यावर विद्युतभार जमतो आणि ते आसपासची धूळ ओढून घेते. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तोच हा प्रकार. पण धुळीचे दाणे विरळ असतात, त्यांत तंतू असतात. भिंगाखाली तसे काही दिसले नाही. शिवाय मुलीने विमान साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवले होते.

चौथा संशयित, द्रावकाने प्लास्टिक खाणे. लॅकरचा तेज थिनर पॉलिस्टायरिनला विरघळवतो आणि त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते. आमचा रंग पाण्याचा होता. कोपऱ्यातला प्रायमर खरवडला, तर खालचे प्लास्टिक गुळगुळीतच होते.

पाचवा संशयित, हवेतच सुकलेले थेंब. हे खरे असेल तर जिथे थेंब लांबून किंवा तिरके येऊन पडले, तिथे दाणे जास्त हवेत. विमान पुन्हा भिंगाखाली धरले. नाकापाशी थर बराच बरा होता. पंख जिथे धडाला मिळतो त्या खोबणीत आणि शेपटीकडे दाणे सर्वांत दाट होते. बोट फिरवले तर करडी पूड बोटाला लागत होती. रंग पृष्ठभागाला नीट चिकटलेलाच नव्हता. संशयाची सुई पाचव्याकडे वळली.

थेंबाचा जन्म

एअरब्रश हे तसे जुने यंत्र आहे. १८७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा राज्यात ॲबनर पीलर यांनी त्याचा आरंभीचा नमुना बनवला. आजच्या एअरब्रशचे तत्त्व सोपे आहे. एका बारीक तोंडातून रंग येतो, त्याच्या भोवतीने दाबाखालची हवा वेगाने बाहेर पडते. ही हवा रंगाला ओढून घेते, त्याचे धागे करते आणि धाग्यांचे थेंब. रंगाचा पृष्ठताण आणि त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, या तुटण्याच्या आड येतात. म्हणून दाट रंगाचे थेंब मोठे आणि ओबडधोबड पडतात. हवेचा दाब वाढवला की थेंब बारीक होतात. साध्या एअरब्रशच्या फवाऱ्यात काही मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंतचे सगळे थेंब एकत्र असतात. तुलनेसाठी, डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

थेंब जितका बारीक, तितका थर तलम, असे आपल्याला वाटते. इथेच फसगत होते.

थेंबाचे आयुष्य

हवेत असलेला पाण्याचा थेंब किती वेळात सुकतो? थेंबातले पाणी त्याच्या घनफळावर म्हणजे व्यासाच्या घनावर अवलंबून असते. बाष्प बाहेर पसरण्याचा दर मात्र, इतक्या लहान थेंबांसाठी, व्यासाच्या प्रमाणात असतो. घनाला व्यासाने भागले की वर्ग उरतो. म्हणून थेंबाचे आयुष्य व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्यास निम्मा झाला की आयुष्य एक चतुर्थांश. व्यास दहावा भाग झाला की आयुष्य शंभरावा भाग!

आता मे महिन्यातला पुण्याचा दिवस घेऊ. सकाळी सातला तापमान २४ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के धरू. दुपारी तीनला ३८ अंश आणि २० टक्के. बाष्पीभवन होताना थेंब स्वतः थंड होतो, तेही हिशेबात घेतले, तर पाण्याचा २० मायक्रॉनचा थेंब सकाळी सुमारे ०.९ सेकंद टिकतो, दुपारी सुमारे पाव सेकंद. १० मायक्रॉनचा थेंब सकाळी सुमारे ०.२२ सेकंद, दुपारी फक्त ०.०६ सेकंद. सकाळ आणि दुपार यांत जवळजवळ चौपट फरक पडला.

थेंबाला प्रवासासाठी किती वेळ लागतो? फवाऱ्याचा वेग पुढे जाताना कमी होत जातो. सरासरी ३ ते ४ मीटर प्रति सेकंद धरली, तर ७ सेंटीमीटर जायला साधारण ०.०२ सेकंद आणि १५ सेंटीमीटर जायला ०.०४ ते ०.०५ सेकंद लागतात. म्हणजे सकाळी जवळून मारलेला १० मायक्रॉनचा थेंब वाटेत जेमतेम आठवा भाग पाणी गमावतो आणि ओला पोचतो. दुपारी लांबून मारलेला तोच थेंब पोचेपर्यंत बहुतेक सुकलेला असतो. तो रंगाचा थेंब असल्याने नाहीसा मात्र होत नाही. पूड आणि बंधक मागे राहतात आणि त्यांची कोरडी गोळी पृष्ठभागावर आदळते. अशा गोळ्या एकमेकींवर बसून ढीग होतात. आम्हाला भिंगाखाली दिसलेले ५० मायक्रॉनचे दाणे ते हेच.

हा हिशेब पाण्याचा आहे, रंगासाठी तो केवळ अंदाज आहे. वेगाने जाणाऱ्या थेंबाभोवती वारा असल्याने तो आणखी लवकर सुकतो. थिनरमध्ये अल्कोहोल असेल तर त्याहून लवकर.

पोचल्यानंतर काय होते?

ओला थेंब पृष्ठभागावर पोचला म्हणजे काम संपले नाही. थेंबांनी थेंबांना मिठी मारून सलग थर व्हायला हवा आणि त्यावरचे उंचवटे सपाट व्हायला हवेत. हे काम पृष्ठताण करतो. पृष्ठताण थराचे क्षेत्रफळ कमी करू पाहतो, आणि उंचसखल थरापेक्षा सपाट थराचे क्षेत्रफळ कमी असते. श्यानता त्याला विरोध करते.

सपाट व्हायला किती वेळ लागेल, याचे गणित १९६२ मध्ये ऑर्चर्ड यांनी मांडले. त्याचा सारांश असा. रंग जितका दाट, तितका वेळ जास्त. थराची जाडी दुप्पट झाली तर वेळ आठपट कमी, कारण जाडीचा घन हिशेबात येतो. आणि दोन उंचवट्यांमधले अंतर निम्मे झाले तर वेळ सोळापट कमी, कारण या अंतराचा चतुर्थ घात येतो.

एक उदाहरण पाहू. पाण्याच्या शंभरपट श्यान रंगाचा २० मायक्रॉन जाडीचा ओला थर आहे आणि उंचवटे एकमेकांपासून एक मिलिमीटरवर आहेत. ते साधारण एका सेकंदात बसतात. थर ५ मायक्रॉनचाच असेल तर त्यालाच ६४ पट वेळ लागतो, म्हणजे मिनिटभर. तेवढ्यात रंग सुकू लागतो, श्यानता हजारो पटींनी वाढते आणि उंचवटे आहेत तिथेच गोठतात.

म्हणजे चांगला रंगारी खरे तर एक शर्यत सांभाळत असतो. एका बाजूला सपाट होण्याचा वेळ, दुसऱ्या बाजूला सुकण्याचा वेळ. थर पृष्ठभागावर पडल्यानंतर क्षणभर ओला चमकला पाहिजे आणि मग मंद झाला पाहिजे. पडताक्षणीच मंद दिसला, तर थेंब वाटेतच सुकले असे समजावे. चमक राहून रंग खाली सरकू लागला, तर थर फार जाड झाला, आता ओघळ येणार.

चमच्यांची परीक्षा

आता तर्क तपासायचा होता. आम्ही बाजारातून प्लास्टिकचे पांढरे चमचे आणले. रंग तोच, थिनर तेच, प्रमाण तेच, दाबही तोच. बदलायच्या गोष्टी तीनच: वेळ, अंतर आणि हात. एका वेळी एकच बदलायची. मुलीने सकाळी जवळून आणि लांबून, दुपारी जवळून आणि लांबून, असे चार चमचे रंगवले. सकाळी छान विमाने रंगवणाऱ्या दोन्ही मुलांनीही तसेच चार-चार चमचे रंगवले. प्रत्येक चमच्याच्या दांड्यावर वेळ आणि अंतर लिहिले, नाव लिहिले नाही. मग बाईंनी ते चमचे मिसळून मुलांसमोर ठेवले आणि गुळगुळीत ते खरखरीत असे क्रमाने लावायला सांगितले.

सकाळी जवळून रंगवलेले तिन्ही चमचे एका टोकाला गेले. दुपारी लांबून रंगवलेले तिन्ही दुसऱ्या टोकाला. बाकीचे मधे. कोणता चमचा कोणाच्या हातचा, हे मुलांना ओळखता आले नाही, आम्हालाही नाही. हात बदलला तरी निकाल बदलला नाही. वेळ आणि अंतर बदलले तेव्हा निकाल बदलला.

मग आम्ही आठवून पाहिले, त्या दुपारी नेमके काय झाले होते? ओघळ येतील म्हणून "जरा लांबून मार" असे आम्हीच सांगितले होते. रंग तोंडाशी सुकून अडकत होता, म्हणून दाब २० वरून ३० पौंड प्रति चौरस इंच आम्हीच केला होता. त्यामुळे थेंब आणखी बारीक झाले. उकडत होते म्हणून डोक्यावरचा पंखाही आम्हीच लावला होता. थेंब वाटेत सुकावेत यासाठी जे जे करता येईल, ते सगळे आम्ही केले होते, आणि खापर मात्र तिच्या हातावर फोडले होते. हे आम्ही सगळ्या मुलांसमोर तिला सांगितले. ती काही बोलली नाही. चमचे मात्र तिने मागून घेतले.

मग करायचे काय?

झालेला रवाळ थर दुरुस्त करता येतो. रंग पूर्ण वाळू द्यावा, निदान एक दिवस. मग बारीक वॉटर पेपर, १२०० किंवा त्याहून वरच्या नंबरचा, पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवावा. दाणे गेले की विमान धुऊन, वाळवून पुन्हा पातळ हात द्यावा. रवाळ थरावर जाड रंग ओतून तो झाकायचा प्रयत्न करू नये. दाणे झाकले जात नाहीत, प्रतिकृतीवरच्या बारीक रेषा मात्र बुजतात.

पुढच्या वेळी दोष येऊ नये म्हणून काही गोष्टी उपयोगी पडतात.

१. रंग दुधाइतका पातळ करावा. वाटीच्या कडेवरून तो दुधासारखाच ओघळून पातळ पापुद्रा सोडतो का, ते पाहावे.

२. दाब १५ ते २० पौंड प्रति चौरस इंच ठेवावा आणि अंतर ५ ते ८ सेंटीमीटर. रंग जितका पातळ, तितका दाब कमी.

३. उन्हाळ्यात सकाळी लवकर रंगवावे, पंखा बंद ठेवावा. ॲक्रिलिक रंगात सुकणे लांबवणारे द्रव्य, ज्याला रिटार्डर म्हणतात, दोन-चार थेंब घालावे. जास्त घातले तर रंग दिवसेंदिवस चिकट राहतो.

४. एअरब्रशच्या सुईच्या टोकावर रंग सुकून बोंड धरते. ते सुटून थरावर पडते आणि शिंतोडे उडतात. दर काही मिनिटांनी ओल्या कापसाने टोक पुसावे.

५. आधी चमच्यावर किंवा काचेवर मारून पाहावे, मगच विमानावर.

दाणे आणि ‘संत्र्याची साल’ यांत गोंधळ करू नये. सालीसारखा थर सलग आणि चकचकीत असतो, पण त्यावर खळगे असतात. तिथे थेंब ओले पोचलेले असतात, पण दाट रंगामुळे सपाट झालेले नसतात. त्यावर उपाय रंग पातळ करण्याचा, जवळ जाण्याचा नव्हे.

पावसाळ्यातली उलटी गंमत

ही सगळी कथा देशावरच्या उन्हाळ्याची झाली. कोकणात किंवा गोव्यात जुलैमध्ये रंगवायला बसलात, तर अडचण वेगळीच येते. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा तिच्यातली वाफही दाटते. दमट हवा तिप्पट दाबली आणि ती नळीत थंड झाली, की वाफेचे पाणी होते आणि फवाऱ्यातून पाण्याचे थेंब थुंकले जातात. त्यासाठी नळीवर पाणी अडवणारी छोटी बाटली बसवतात. लॅकरसारखे झपाट्याने उडणारे रंग वापरले, तर द्रावक उडताना पृष्ठभाग इतका थंड होतो, की त्याचे तापमान दवबिंदूच्या खाली जाते. हवेतले पाणी ओल्या रंगावर दवासारखे बसते आणि थर पांढुरका पडतो. दिसायला हा दोष रवाळपणासारखाच मंद वाटतो, पण बोटाला खरखर लागत नाही. उन्हाळ्यातला उपाय इथे जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. दोष सारखा दिसला म्हणून कारण सारखे नसते, हे मुलांना पटवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

एक सावधगिरीची सूचना. जे थेंब विमानाला चिकटत नाहीत, ते हवेत राहतात आणि श्वासाबरोबर आत जातात. शाळेत फक्त पाण्याचे रंग वापरावे, खिडक्या उघड्या ठेवाव्या, मास्क लावावा. धुळीचा साधा मास्क रंगाचे कण काही प्रमाणातच अडवतो, द्रावकाची वाफ अडवत नाही. त्यामुळे लॅकर वर्गात नकोच.

वर्गात करून पाहण्यासाठी

हे सगळे समजायला एअरब्रशच हवा असे नाही.

पहिला प्रयोग. स्टीलच्या ताटलीला तेलाचे बोट फिरवून त्यावर सुईच्या टोकाने पाण्याचा एक लहान थेंब ठेवा. शेजारी तसेच आठ थेंब एकत्र करून एक मोठा थेंब करा. दोन्ही सुकायला लागणारा वेळ मोजा. पाणी आठपट आहे, म्हणून वेळही आठपट लागेल असे बहुतेक मुले सांगतील. प्रत्यक्षात तो चौपटीच्या आसपास येतो. आठपट पाणी म्हणजे दुप्पट व्यास, आणि दोनाचा वर्ग चार. मोठा थेंब स्वतःच्या वजनाने जरा पसरतो, त्यामुळे आकडा नेमका चार येणार नाही, हेही मुलांशी बोलावे.

दुसरा प्रयोग. दोन ताटल्यांत काकवी किंवा मध घ्या. एकीत पातळ थर, दुसरीत त्याच्या दुप्पट. दोन्हींत एकाच कंगव्याने रेघा ओढा आणि त्या मिटायला लागणारा वेळ मोजा. जाड थरातल्या रेघा किती लवकर मिटतात, ते पाहून मुले चकित होतात.

तिसरा प्रयोग. इस्त्रीच्या फवारणीच्या बाटलीत शाईचे पाणी भरा आणि कागदावर वेगवेगळ्या अंतरांवरून फवारा मारा. डाग भिंगाने पाहा. हाच प्रयोग सकाळी आणि दुपारी करा, पंखा लावून आणि बंद करून करा. इथले थेंब मोठे असल्याने फरक एअरब्रशइतका ठळक दिसणार नाही. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही सवय याच प्रयोगातून लागते.

नॅट पुन्हा घासले गेले आणि एका सकाळी सातला त्याच मुलीने त्याला प्रायमरचा आणि मग चांदीचा हात दिला. पंख गुळगुळीत झाले. उजव्या पंखाच्या मुळाशी थोडे दाणे राहिलेच, कारण त्या खोबणीत फवारा भोवऱ्यात अडकतो. ते घासायचे की नाही, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "राहू दे सर, कारण माहीत आहे."

जूनमध्ये प्रदर्शन भरले. नॅटच्या शेजारी तिने ते बारा चमचे क्रमाने मांडले होते आणि प्रत्येकाखाली वेळ आणि अंतर लिहिलेली चिठ्ठी होती. नाव कुठल्याच चिठ्ठीवर नव्हते.